पावशेर सॉसेज अडतं आणि कंटेनर सुटतो, ते का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: परदेशातून परत येताना सामानातलं पावशेर सॉसेज विमानतळावर काढून घेतलं आणि वर दंडाची तंबी दिली. त्याच देशातून मांसाचे कंटेनर मात्र राजरोस उतरतात. मग ही जनावरांच्या रोगाची काळजी आहे, की रोगाचं नाव पुढे करून देशी उत्पादकांना दिलेलं संरक्षण?

मी पशुवैद्यक आहे आणि नोकरीचा मोठा भाग बंदरावर आणि विमानतळावर, पशु-विलगीकरणाच्या कामात गेला आहे. तुमचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. रोगाच्या नावाखाली बाजार राखण्याचे प्रकार होतात, त्यातले काही जागतिक व्यापार संघटनेत उघडेही पडलेत. त्याबद्दल पुढे लिहितो. पण तुमच्या पावशेरापुरतं बोलायचं तर नियम बरोबर होता. रोगाच्या हिशेबात पिशवी कंटेनरपेक्षा जास्त धोक्याची असते.

काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अहो, मी स्वतः महिनाभर हे खाल्लंय, मला काही झालं नाही." होणारही नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग, तो माणसाला होतच नाही. गाई-म्हशी, मेंढ्या, डुकरांना होणाऱ्या लाळ्या खुरकुताची लागण झालेल्या जनावराचं मांस खाल्ल्याने माणूस आजारी पडत नाही. ही बंदी खाणाऱ्याच्या पोटासाठी नसतेच. खाऊन उरलेला तुकडा कुठे जातो, सगळा प्रश्न तिथे आहे. तो कचऱ्यात जातो, कचऱ्यातून खरकट्याच्या बादलीत, आणि खरकटं डुकरांना घालायची पद्धत जगात सगळीकडे होती आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. डुकराने तो तुकडा खाल्ला की रोग देशात आला.

हे कल्पनेतलं नाही. १९५७ साली आफ्रिकन स्वाइन फीवर पहिल्यांदा आफ्रिकेबाहेर पडला तो लिस्बनला. विमानांतलं उरलंसुरलं अन्न विमानतळाजवळच्या डुकरांना घातलं गेलं होतं. तो उद्रेक आटोक्यात आला, पण १९६० मध्ये रोग पुन्हा शिरला, स्पेनमध्ये पसरला, आणि स्पेनला त्यातून मोकळं व्हायला १९९५ उजाडलं. २००७ मध्ये हाच रोग जॉर्जियात दिसला, काळ्या समुद्रावरच्या पोती बंदराच्या आसपास. बहुधा जहाजावरच्या खरकट्यातून आला. तिथून रशिया, २०१४ मध्ये लिथुआनिया आणि पोलंड, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये चीन, म्हणजे जगातली जवळजवळ निम्मी डुकरं पाळणारा देश. पाळीव डुकरांत या विषाणूच्या तीव्र प्रकाराने मरण्याचं प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ जातं. जगभर मान्य झालेली लस आजही हातात नाही. रानडुकरांत शिरला की वर्षानुवर्षं निघत नाही. अशा रोगापुढे सीमेवर थोपवणं हाच खरा उपाय उरतो.

ब्रिटनचं २००१ सालचं उदाहरण तर आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला पाठ असतं. १९ फेब्रुवारीला एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात डुकरांच्या पायांवर फोड दिसले, दुसऱ्या दिवशी लाळ्या खुरकुतावर शिक्कामोर्तब झालं. माग काढत पथकं नॉर्थंबरलंडमधल्या एका डुक्करपालनापर्यंत पोहोचली. तिथे खरकटं नीट न उकळता डुकरांना घातलं जात होतं. विषाणू बहुधा बेकायदा आणलेल्या मांसातून त्या खरकट्यात आला होता. मधल्या दिवसांत शेजारच्या मेंढ्यांना लागण झाली, त्या मेंढ्या बाजारात गेल्या, आणि पहिलं निदान होण्याआधीच किमान ५७ शेतांवर रोग पोहोचलेला होता. शेवटी ६० लाखांहून अधिक जनावरं मारली गेली आणि सरकारी व खासगी मिळून नुकसानीचा अंदाज ८ अब्ज पौंडांच्या घरात गेला. जनावरांना खरकटं घालण्यावर पूर्ण बंदी मे २००१ मध्ये आली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

आता कंटेनर. तो येतो तेव्हा त्याच्या मागे एक साखळी असते. कुठल्या कत्तलखान्यातून, त्याचा मान्यता क्रमांक काय, जनावरं कुठल्या भागातून आली, कत्तलीआधी आणि नंतर कुणी तपासली, मांसावर काय प्रक्रिया झाली, आणि हे सगळं खरं आहे असं लिहून देणारा सरकारी पशुवैद्यक कोण. उद्या काही निघालंच तर त्या साखळीच्या एकेका कडीपर्यंत मागे जाता येतं. तुमच्या पावशेरामागे काहीच नसतं. ते कुठल्या डुकराचं, कधी मारलेलं, नुसतं धुरावलेलं की शिजवलेलं, हे तुम्हालाही माहीत नसतं, दुकानदारालाही कित्येकदा नसतं. शिवाय घरगुती कत्तल होते ती बऱ्याचदा जनावर मलूल दिसायला लागलं म्हणून. आजारी पडलेलं डुक्कर मरण्याआधी कापून त्याचं खारवलेलं मांस नातेवाइकांना पाठवणं, हा या रोगाच्या लांब उड्यांचा अगदी नेहमीचा रस्ता आहे.

लोकांना वाटतं की खारवलं, वाळवलं, धुरी दिली, गोठवलं म्हणजे जंतू मेले. खारवण्या-वाळवण्याची कला मांस नासू नये म्हणून आहे. विषाणूला त्याचं फारसं काही वाटत नाही. गोठवल्याने तर तो मरण्याऐवजी टिकतो. गोठवलेल्या मांसात आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतो. म्हणूनच जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या, म्हणजे पूर्वीच्या ओआयईच्या, नियमसंहितेत डुकराच्या सुक्या खारवलेल्या मांसासाठी किमान सहा महिने सांगितले आहेत. शिजवून विषाणू मारायचा तर मांसाचा गाभा ७० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं राहायला हवा. बर्ड फ्लूसाठी कोंबडीच्या मांसाला त्याच ७० अंशांवर साडेतीन सेकंद पुरतात. विषाणू वेगळा की हिशेब वेगळा. "शिजवलेलं आहे" एवढं म्हणून भागत नाही ते यामुळे. किती अंशावर, किती वेळ, आणि कुठल्या रोगासाठी, हे सांगावं लागतं.

आयातनियमांतला सगळ्यात हुशारीचा भाग मला विचाराल तर हाडाचा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो विक्षिप्त वाटतो. बिनहाडाचं मांस चालतं, तेच हाडासकट आलं तर परत, असं का? कत्तलीनंतर स्नायू लगेच पूर्ण मरत नाहीत. त्यांच्यात साठवलेल्या ग्लायकोजेनचं लॅक्टिक आम्ल होत राहतं आणि मांस हळूहळू आंबट होत जातं. लाळ्या खुरकुताच्या विषाणूला आम्ल अजिबात सोसत नाही, सामू (आंबटपणाचं माप, म्हणजे पीएच) ६ च्या खाली गेला की तो निकामी होतो. म्हणून गाई-म्हशींचं धड २ अंशांपेक्षा जास्त तापमानात किमान २४ तास टांगून ठेवायचं, मग पाठीच्या लांब स्नायूच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना सामू मोजायचा, तो ६ च्या खाली आला असेल तरच पुढे जायचं. पण हाडातल्या मगजात आणि लसिकाग्रंथींत हे आम्ल तयार होत नाही. विषाणू तिथे आरामात बसून राहतो. म्हणून हाडं काढायची, मोठ्या ग्रंथी काढायच्या, डोकं, पाय आणि आतडी-कोथळा या वाटेने पाठवायचाच नाही.

यात एक मेख आहे. जनावर लांबच्या प्रवासाने दमलेलं, उपाशी किंवा भेदरलेलं असेल तर त्याचं ग्लायकोजेन आधीच खर्च झालेलं असतं. मग आम्ल तयार व्हायला कच्चा मालच नसतो, सामू वरच अडकतो, मांस काळपट आणि चिकट दिसतं. अशी धडं बाजूला काढावी लागतात. त्यामुळे निर्यातीच्या कत्तलखान्यात जनावरांना विश्रांती आणि पाणी देणं हे भूतदयेइतकंच रोगनियंत्रणाचंही काम असतं. मीटर लावणारा माणूस कोण आहे, तो प्रत्येक धड मोजतो का, की दहातलं एक मोजून उरलेले आकडे टेबलावर बसून भरतो, हे मी परदेशी कत्तलखान्याच्या पाहणीत आधी बघतो. नोंदवहीत सलग सगळे सामू ५.७ आणि ५.८ दिसले की मला शंका येते. खऱ्या जनावरांचे आकडे इतके शिस्तीत नसतात.

हा नियम आयता आकाशातून पडला नाही. १९६७-६८ मध्ये ब्रिटनच्या ऑस्वेस्ट्री भागातून लाळ्या खुरकुताचा मोठा उद्रेक झाला, आणि चौकशीत बोट गेलं दक्षिण अमेरिकेतून आलेल्या हाडासकटच्या कोकराच्या मांसाकडे. त्यानंतर तिथून येणाऱ्या मांसाला बिनहाडाची अट लागली. सरसकट बंदी घालून मोकळं होणं सोपं होतं. विषाणू मांसात नेमका कुठे राहतो हे पाहून तेवढीच वाट बंद करणं जास्त कष्टाचं, पण टिकाऊ ठरलं.

दुधाचं तसंच. लाळ्या खुरकुताचा विषाणू लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीपासून दुधात उतरतो, म्हणजे गाय धडधाकट दिसत असताना. नेहमीचं पाश्चरीकरण, ७२ अंशांवर १५ सेकंद, एकदा केलं तर त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. ते दोनदा करावं लागतं, किंवा १३२ अंशांवर निदान एक सेकंद तापवावं लागतं. कच्च्या दुधाच्या चीजवर सगळ्यात आधी कुऱ्हाड पडते ती म्हणून. लोकर, कातडी, शिंगं, जनावरांच्या आतड्यांची आवरणं, कुत्र्यांना चघळायला देतात ते वाळवलेले कान, गवताच्या पेंढ्या, प्रत्येकाचा आपापला तक्ता आहे. लोकर १८ अंशांवर चार आठवडे साठवली तरी चालते, ३७ अंशांवर आठ दिवस पुरतात. बाकीच्यांच्या तपशिलात जात नाही.

एक रोग मात्र या सगळ्या तक्त्यांना दाद देत नाही. मॅड काऊ, म्हणजे बीएसई. तिथे विषाणू नाही, बिघडलेलं प्रथिन आहे, आणि ते साध्या शिजवण्याने नष्ट होत नाही. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये तो ओळखला गेला. गाईंना गाईंच्याच अवशेषांची, मांस-हाडांची भुकटी चारल्याने तो पसरला. १९८८ मध्ये ब्रिटनने रवंथ करणाऱ्या जनावरांना असली भुकटी चारायला बंदी केली, पण भुकटीची निर्यात त्यानंतरही चालूच राहिली. स्वतःच्या गोठ्यासाठी जे नको ते दुसऱ्याच्या गोठ्यात गेलं. मार्च १९९६ मध्ये हा रोग माणसापर्यंत पोहोचत असण्याची शक्यता सरकारने मान्य केली तेव्हा युरोपीय संघाने ब्रिटिश बीफवर बंदी घातली. इथे उपाय अवयवांवर ठरतो: मेंदू, मज्जारज्जू, डोळे आणि असे ठरावीक भाग अन्नसाखळीतून बाहेर. दुधाला आणि कातड्याला या रोगापायी अडवायचं काही कारण नाही, पण त्या धास्तीत अनेकांनी तेही अडवलं.

आमची तपासणी तीन टप्प्यांत होते: कागद, ओळख आणि प्रत्यक्ष माल. बहुतेक भानगडी कागदावरच सापडतात. समजा, प्रमाणपत्रात कत्तलीच्या तारखा ११ ते १४, आणि एका खोक्याच्या लेबलवर पॅकिंगची तारीख ९. कापण्याआधी बांधलेलं मांस! बहुतेक वेळा टंकलेखनाची चूक असते, कधी कधी दुसऱ्याच खेपेतली खोकी रिकाम्या जागेत कोंबलेली असतात. किंवा पशुवैद्यकाची सही जहाज सुटल्यानंतरच्या तारखेची असते. मी हे डोळ्यांनी पाहून प्रमाणित करतो असं लिहिणारा माणूस समुद्रात गेलेला कंटेनर कसा पाहणार? सीलच्या क्रमांकातला एक आकडा जुळला नाही तरी आम्ही थांबवतो. आयातदार हात जोडतो, मग ओरडतो, कारण बंदराच्या भाड्याचं मीटर पळत असतं. त्याचा राग मला समजतो. पण त्या एका आकड्यावरच साखळीची सगळी मदार आहे. सील बदललं असेल तर वाटेत दार उघडलं गेलं, आणि मग आतल्या मालाबद्दल त्या प्रमाणपत्रात लिहिलेला एकही शब्द लागू होत नाही. गोठवलेल्या ठोकळ्याला भोक पाडून थर्मामीटर घालतो, खोक्यात बर्फाचे मोठे स्फटिक किंवा गोठलेलं रक्ताळ पाणी दिसलं की माल वाटेत वितळून पुन्हा गोठवलाय हे कळतं. त्यातून विषाणू कळत नाही, पण कोण खोटं बोलतंय ते कळतं.

मग बाजार राखण्याचा भाग. १९९५ पासून लागू असलेला एसपीएस करार, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा माणसं, जनावरं आणि पिकांच्या आरोग्यासाठीच्या आयातनियमांबद्दलचा करार, प्रत्येक देशाला सांगतो की तुझ्या जनावरांचं किती काटेकोर रक्षण करायचं हे तू ठरव, पण जे करशील त्याला शास्त्रीय आधार दाखव, आणि सारख्या धोक्यांना सारखं वागव. या दुसऱ्या अटीत भले भले अडकतात. ऑस्ट्रेलियाने कॅनडाच्या कच्च्या सामन माशावर माशांच्या रोगांसाठी बंदी घातली होती. पण गळाला लावायचे गोठवलेले हेरिंग आणि काचेच्या टाकीतले जिवंत शोभेचे मासे खुशाल येऊ दिले होते, ज्यांचा धोका निदान तेवढाच होता. १९९८ मध्ये निकाल ऑस्ट्रेलियाच्या विरुद्ध गेला.

भारतही यातून सुटला नाही. बर्ड फ्लू आढळलेल्या देशातून कोंबडीचं मांस, अंडी वगैरे सरसकट बंद, मग तो देशाच्या एका कोपऱ्यात असो आणि सौम्य प्रकारचा असो, असा आपला नियम होता. अमेरिकेने तक्रार केली आणि २०१४-१५ मध्ये निकाल आपल्या विरोधात लागला. दोन मुद्दे बोचरे होते. जोखमीचं रीतसर मूल्यांकन केलेलं नव्हतं. आणि परक्याकडचा जो सौम्य विषाणू आपण बंदीला पुरेसा मानत होतो, तो आपल्याच कोंबड्यांत शोधण्याची पुरेशी व्यवस्था आपल्याकडे नव्हती. माझं मत विचाराल तर निकाल योग्य होता. स्वतःच्या घरात दिवा न लावता शेजाऱ्याच्या अंधाराला नावं ठेवण्यात अर्थ नसतो.

रशियाचं प्रकरण आणखी मासलेवाईक आहे. जानेवारी २०१४ मध्ये लिथुआनियात, बेलारूसच्या सीमेजवळ, आफ्रिकन स्वाइन फीवरची लागण झालेली रानडुकरं सापडली आणि रशियाने सबंध युरोपीय संघातली डुकरं आणि त्यांचं ताजं मांस बंद केलं. रोग स्वतः रशियात २००७ पासून होता. लिथुआनियातल्या रानडुकरासाठी पोर्तुगालचा माल अडवण्यामागे कुठलं पशुवैद्यकशास्त्र होतं ते मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. २०१७ मध्ये अपिलातही रशिया हरला. अर्थात तोवर तीन वर्षं बाजार बंदच होता. हे या निकालांचं दुखणं आहे, जिंकणाऱ्याच्या हाती न्याय येईपर्यंत त्याची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेलेली असतात.

पण सरसकट बंदीला माझा विरोध व्यापाऱ्यांच्या कळवळ्यातून नाही. ती रोग लपवायला शिकवते, म्हणून आहे. रोगाची बातमी हा आमचा सगळ्यात मोठा पहारेकरी. रोग पक्का झाला की सदस्य देशाने २४ तासांत जागतिक पशुआरोग्य संघटनेला कळवायचं असतं. ही संघटनाच मुळी अशा एका धक्क्यातून उभी राहिली. १९२० मध्ये दक्षिण आशियातून ब्राझीलला चाललेली झेबू जातीची गुरं वाटेत अँटवर्प बंदरात थांबली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी, म्हणजे गुरांचा रिंडरपेस्ट हा रोग, पसरली. त्यानंतर देशांनी एकमेकांना रोगाची खबर देण्याचा करार केला, २५ जानेवारी १९२४ ला २८ देशांनी सह्या केल्या. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, त्यात लशीचा वाटा मोठा, पण रोग कुठे आहे हे प्रामाणिकपणे सांगण्याचाही होता.

आता विचार करा, एका गोठ्यात रोग सापडला हे कळवल्याबरोबर सबंध देशाची निर्यात बंद होणार असेल, तर जिल्ह्याचा अधिकारी काय करील? नमुना पुन्हा तपासायला पाठवील, आठवडा काढील, "लक्षणं संशयास्पद नाहीत" असं लिहील. लाळ्या खुरकुतात एक आठवडा म्हणजे काय ते ब्रिटनच्या ५७ शेतांनी दाखवलं आहे. उलट जिथे रोग आहे तेवढाच भाग बंद होणार, उरलेला देश चालू राहणार असा भरवसा असेल तर तोच अधिकारी त्याच संध्याकाळी फोन करील. एसपीएस करारात या विभागवार पद्धतीला जागा आहे, पण ती द्यायची की नाही हे शेवटी आयात करणारा देश ठरवतो. सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीत ब्रांडेनबुर्गच्या रानडुकरात आफ्रिकन स्वाइन फीवर सापडला. युरोपीय संघाने तेवढा पट्टा बंद केला. चीन, जपान आणि दक्षिण कोरियाने सगळ्या जर्मनीचं डुकराचं मांस बंद केलं. फ्रान्सने त्यावरून शहाणपण घेतलं आणि स्वतःकडे रोग नसतानाच, डिसेंबर २०२१ मध्ये, चीनशी विभागवार मान्यतेचा करार करून ठेवला. असे करार शांततेच्या काळातच होतात. रोग आल्यावर कुणी टेबलावर बसत नाही.

पहिल्या काही दिवसांची सरसकट बंदी मात्र मी समजू शकतो. १० जानेवारी २०२५ ला जर्मनीत, पुन्हा ब्रांडेनबुर्गमध्येच, म्हशींच्या एका छोट्या कळपात लाळ्या खुरकूत निघाला. १९८८ नंतरचा जर्मनीतला तो पहिलाच. विषाणू कुठून आला आणि किती पसरला याची कुणालाच कल्पना नसते तेव्हा आधी दार लावून मग चौकशी करणं रास्त आहे, करारही तात्पुरत्या उपायांना वाव देतो. हरकत आहे ती तात्पुरतं ठेवलेलं कुलूप नंतर उघडायला विसरण्याला. लस न टोचता, लागण झालेले कळप मारून देश मोकळा झाला, तर शेवटचं जनावर मारल्यानंतर तीन महिन्यांनी तो रोगमुक्त देशाचा दर्जा परत मागू शकतो. दर्जा मिळाल्यावरही बंदी तशीच राहिली की तिथून पुढे तो तुमच्या संशयाचा विषय होतो, आमच्या खात्याचा नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये हंगेरी आणि स्लोव्हाकियातही लाळ्या खुरकूत निघाला, आणि १२ एप्रिलपासून ब्रिटनने युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दूध-चीज स्वतःबरोबर आणायला मनाई केली. सँडविचसुद्धा नाही. व्यापारी माल मात्र प्रमाणपत्रासह, रोग नसलेल्या भागांतून येतच राहिला. लोकांनी तुमचाच प्रश्न तिथेही विचारला. २००१ ची आठवण असलेल्या एकाही शेतकऱ्याने तो विचारला असेल असं मला वाटत नाही.

पिशव्यांचा पसारा केवढा असतो याचा एक अंदाज सांगतो. २००८ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर आफ्रिकेतून आलेल्या प्रवाशांच्या सामानाची पाहणी झाली. तिच्यावरून काढलेला अंदाज असा की नुसतं रानटी प्राण्यांचं मांसच आठवड्याला सुमारे पाच टन येत असावं. प्रत्येक बॅग उघडणं अशक्य असतं. म्हणून कुत्री. अमेरिकेने १९८४ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर बीगल जातीची कुत्री या कामाला लावली. एक्स-रेच्या यंत्रात मांस आणि साबणाची वडी एकमेकांसारखी दिसू शकते, बीगलच्या नाकाला तसा गोंधळ होत नाही. तरीही सगळं पकडलं जात नाही, कधी जाणारही नाही. त्यामुळे सीमेच्या आत दुसरी फळी लागते: आंतरराष्ट्रीय विमानांचं आणि जहाजांचं खरकटं जाळायचं किंवा खोल पुरायचं, आणि डुकरांना खरकटं घालायला एकतर बंदी करायची नाहीतर ते ढवळत ढवळत ९० अंशांवर तासभर उकळायची सक्ती. सीमेवर कितीही खर्च करा, ही फळी ढिली असेल तर एक सँडविच पुरतं. मला एकाच गोष्टीला पैसे द्या असं कुणी म्हणालं तर मी आणखी स्कॅनर मागणार नाही, खरकट्यावरच्या निरीक्षकांची संख्या वाढवा म्हणेन.

तुमच्यापुरता व्यावहारिक सल्ला. प्रवासाला निघण्याआधी जिथे उतरणार त्या देशाची त्या आठवड्याची यादी बघा, कारण ती उद्रेकानुसार बदलते, गेल्या वर्षी चाललेलं या वर्षी चालेलच असं नाही. कारखान्यात हवाबंद डब्यात शिजवलेलं, खोलीच्या तापमानाला टिकणारं मांस पुष्कळ ठिकाणी चालतं. धुरावलेलं, वाळवलेलं, घरी केलेलं, कच्च्या दुधाचं जवळपास कुठेच चालत नाही. व्हॅक्यूम पॅकिंग म्हणजे प्रक्रिया नव्हे, नुसती हवा काढलेली असते. शंका असेल तर अर्जावर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू बहुतेक देशांत फार तर काढून घेतली जाते, दंड होतो तो लपवलेल्या वस्तूचा. आणि त्याच अर्जावर गेल्या काही दिवसांत शेतावर किंवा गोठ्यात गेला होतात का असा एक प्रश्न असतो, ज्याला लोक सवयीने "नाही" लिहितात. गेला असाल तर "हो" लिहा. आम्ही बूट मागून घेऊ, तळव्यातलं शेण-माती खरवडून जंतुनाशकात बुडवू आणि ओलेच परत देऊ. दहा मिनिटं जातात, पैसे लागत नाहीत.